बरोब्बर पन्नास

मधुकररावांची नोकरी पक्की होणार की जाणार, हे एका तासावर ठरणार होतं. बहात्तर साल. सीताबर्डीजवळचं कॉलेज. मागच्या बाकावर विद्यापीठाचे तपासनीस चंपतराव वही उघडून बसलेले आणि शेजारी प्राचार्य बाबाराव घाम पुसत.

संख्याशास्त्र खेळातून शिकवायचं मधुकररावांनी ठरवलं होतं. नाणी उडवली तर बाबाराव जुगार म्हणतील, म्हणून त्यांनी फोडलेले चिंचोके आणले. एक बाजू पांढरी, एक काळी. फळ्यावर ठसक्यात लिहिलं : ‘शंभरदा टाका. साधारण निम्म्या वेळा पांढरं पडेल.’

बारा बाकांवर चिंचोके खडखडू लागले आणि मधुकरराव बाकाबाकावर डोकावू लागले. पांढरंच पडत होतं! फोडलेल्या चिंचोक्याची काळी पाठ गोल. तो पाठीवरच लोळायचा, हे चिंचोके टाकून अष्टचंगा खेळणाऱ्या कुठल्याही पोरीनं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

“आकडे सांगा,” ते कसेबसे म्हणाले.

“पन्नास, सर.”

“पन्नास.”

“आमचेबी पन्नास.”

तिसऱ्या बाकाला त्यांचा जीव भांड्यात पडला. सहाव्याला पुन्हा घशाशी आला. बाराव्या बाकानंही पन्नासच सांगितले, तेव्हा बाबाराव टाळ्या वाजवणार होते. पण चंपतरावांनी पेन खाली ठेवलं.

“बाराच्या बारा बाकांवर बरोब्बर पन्नास? मास्तर, असं घडायला किती जन्म लागतील?”

मधुकरराव पहिल्या बाकावरच्या अरुंधतीकडे वाकले. “खरं सांग वं, किती पडले?”

“अठ्ठ्याहत्तर,” ती पुटपुटली. “पण तुमची नोकरी जाऊन राहिली होती ना, सर! चिंचोके ऐकूनच नाही राहिले.”

“अगं, पण सगळ्यांनी पन्नासच काहून सांगितले?”

“तुम्हीच तर निम्मे लिहिले. कमीजास्त सांगून तुमाले काहून पाडायचं?”

मधुकररावांनी फळा पुसला. “साहेब, माझा अंदाज चुकला आणि पोरांनी तो झाकला. खरे आकडे असे कवायतीसारखे एका रांगेत उभे राहत नाहीत. आजचा धडा तेवढाच.”

चंपतरावांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

“पक्के करा यांना,” ते उठत म्हणाले. “माझेही डोळे उघडले. बाबाराव, सकाळी तुम्ही दाखवलेला हजेरीपट मला उद्या पुन्हा पाहायचाय. अडीचशे पोरं आणि प्रत्येकाची हजेरी बरोब्बर पंचाहत्तर टक्के!”

ते गेल्यावर बाबारावांनी मधुकररावांचा हात घट्ट धरला.

“अभिनंदन! आता पक्के झाले ना गा तुम्ही? मग बसा तो हजेरीपट घेऊन, अन् उद्यापर्यंत त्याले जरा वरखाली करून द्या. खरे आकडे कसे दिसतात, ते तुमालेच समजते.”