सात नंबरच्या पेटीतली हवा

कंपन प्रयोगशाळेतल्या सात नंबरच्या पेटीतली हवा एकतीस मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणार होती. पेटी कपाटाएवढी, पाच बाजूंनी जाड लाकडाची आणि सहाव्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. बाहेरून भोंग्याने आवाज सोडायचा आणि पत्रा किती हलतो ते मोजायचं, एवढंच तिथलं काम. पत्रा आणि हवा एकाच दिवशी रुजू झाले होते. पण धातूचं निवृत्तीचं वय हवेपेक्षा चार वर्षांनी जास्त. तेव्हा पत्र्याने रीतसर अर्ज केला, की तिच्याबरोबर मलाही सोडावं.

अधीक्षक वाघमोडेबाईंनी नियम काढला. दोघांचं काम एकमेकांवाचून अडतं असं चाचणीत दिसलं, तर एकत्र सोडता येत होतं. चाचणी दिगंबर उबाळ्यांकडे आली. उबाळे सव्वीस वर्षं त्या पेटीसमोर बसत होते. माणूस नाकासमोर चालणारा. त्यांच्या अहवालावर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

आता तिथली एक रीत होती. निवृत्तीच्या आठवड्यात कुणावर आवाज चढवायचा नाही, मग तो शिपाई असो की साहेब. उबाळ्यांनीही हवेचा मान राखून भोंगा अगदी बारीक ठेवला. पत्रा आपल्या जागी थोडा हलला, हवा आपल्या जागी. दोघांचे आकडे वेगवेगळे आले. उबाळ्यांनी लिहिलं, 'परस्परसंबंध आढळला नाही.' अर्ज फेटाळला गेला.

पेटीवर शाल घातली, नारळ ठेवला. वाघमोडेबाई चार शब्द बोलल्या, झडप उघडली आणि हवा गेली. दुसऱ्या दिवशी नवी हवा रुजू झाली. जरा दमट होती, पण कामसू.

जूनमध्ये भोंगा नेहमीसारखा मोठा केला, तेव्हा पत्रा खडखडला, एकदम आत दबला आणि आवाज बंद केला तरी परत बाहेर येईना. उबाळे जवळ गेले.

"साहेब, हलक्या आवाजात आम्ही दोघं आपापलं बघतो," पत्रा म्हणाला. "आवाज चढला की मला सावरायला तीच लागते."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तिचा शेवटचा आठवडा होता. तिच्यासमोर ओरडा, असं कोणत्या तोंडाने सांगू?"

उबाळ्यांना फार वाईट वाटलं. आवाज वाढवणं हेच त्यांचं काम, आणि भलेपणाच्या भरात नेमकं तेच राहून गेलं होतं. अहवाल दुरुस्त करावा म्हणून त्यांनी तीनदा लिहिलं. एकदा मोकळी झालेली हवा परत सेवेत घेता येत नाही, असं तिन्ही वेळा उत्तर आलं.

नोव्हेंबरात जुनी हवा हयातीचा दाखला द्यायला कचेरीत आली. वाघमोडेबाईंच्या टेबलावरचे कागद हलले, तीच सही धरली गेली. ती परत निघाली तेव्हा उबाळ्यांनी उठून प्रयोगशाळेचं दार उघडून धरलं.

ती आत आली. पाच महिने दबलेला पत्रा टण् करून जागेवर आला. थोड्या वेळाने ती गेली आणि पत्रा पुन्हा आत दबला.

पत्र्याला अजून तीन नोव्हेंबर काढायचे होते. उबाळ्यांना एकच. त्यांनी नोंदवही उघडली आणि आपल्या जागी जो कुणी येईल त्याच्यासाठी लिहून ठेवलं, 'नोव्हेंबरात दार उघडं ठेवावं.'