टँकरवरचा राजकुमार

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन उभ्या असलेल्या पोरांच्या रांगेतून, नंबर काढणाऱ्या चंपतरावांनी मयूरीला तिच्या बैलासकट बाहेर काढलं.

"पोरीनं बैल आनाचा नसते. पोरीनं ओवाळाचं असते. जाय, रूपालीजवळ ताट घेऊन उभी राह्य."

बक्षिसाच्या टेबलावर रांगेतल्या पहिल्या नंबरासाठी बॅट होती, आणि ओवाळणाऱ्या पोरींसाठी प्लॅस्टिकची चूलभांडी. मयूरीला बॅट हवी होती. ती राजकुमारी होऊन आली होती, कमरेला पुठ्ठ्याची तलवार लावून. मोबाईलवरच्या कार्टून सिनेमातली राजकुमारी बुरुजात अडकलेल्या राजकुमाराला सोडवते, तश्शी. तो सिनेमा तिनं इतका पाहिला होता, की गोठ्यातली म्हैस त्यातल्या गाण्यावर पान्हा सोडते, असं तिची आजी बयनाबाई गावभर सांगायची. गाव त्यातलं निम्मं सोडून द्यायचं.

"राजकुमारी अशी असते काय?" चंपतराव हसले. "ते खिडकीत बसून रडते. राजकुमार सोडवाले येते."

"ते जुनी," मयूरी म्हणाली. "माही लढते."

"काऊन अडवून राह्यले लेकराले?" बयनाबाई पदर खोचून पुढं आली. "माह्या वावरात वाघ आला, तवा म्या एकटीनं खुरप्यानं हाकलला!"

"काकू, मांगच्या साली तो कोल्हा होता," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मंग वाढला न बावा वर्षभरात!"

लोक हसले, पण चंपतराव हलले नाहीत.

खरा घोळ बयनाबाईनं सकाळीच करून ठेवला होता. राजकुमारीच्या पाठीवर काहीतरी झळकायला पाहिजे, म्हणून तिनं घरच्या सर्ज्या बैलाची आरशांची झूल नातीच्या खांद्यावर बांधली. वर पोरीला भूक लागेल म्हणून झुलीच्या टोकात कालची पुरणपोळी. सर्ज्यानं आपली झूल पोळीसकट दाराबाहेर जाताना पाहिली, आणि थोडा विचार करून खुंटा उपटला.

तो गल्लीतून खुंटा ओढत आला, तसे वेश करून आलेले राजे, सेनापती, एक छोटा पोलीस, सगळे तलवारी टाकून पळाले. आयांनी लेकरं उचलली. चंपतराव सगळ्यांच्या आधी पाण्याच्या टँकरची शिडी चढले.

मयूरी जागची हलली नाही. रोज त्याला पाणी तीच दाखवायची. "सर्ज्या, हो... हो रे." तिनं झुलीच्या टोकाची गाठ सोडली. सर्ज्यानं पोळी खाल्ली, वरून तिचा कागदी मुकुटही खाल्ला. तिनं कासरा धरला.

"काका, उतरा."

"पयले त्याले घरी ने!"

"कोन अडकलं, काका? कोन सोडवून राह्यलं?"

"रडा न थोडं, चंपतराव," बयनाबाई खालून म्हणाली. "खिडकी नाही तिथं, पन चालते."

"पयला नंबर मयूरीचा! बॅट घे, पन ने त्याले!"

"अशी नको," मयूरी म्हणाली. "रांगेत उभं करा, मंग पाहा. रूपालीलेबी, सपनालेबी. साऱ्यायले."

सर्ज्यानं टँकरला शिंग घासलं.

"साऱ्यायले! साऱ्यायले!" चंपतराव वरून ओरडले.

सर्ज्याला घरी बांधून मयूरी परत आली, तेव्हा पोरी रांगेत होत्या. कोणी भावाचा बैल आणला होता, सपनानं तर पाटालाच दोरी बांधून त्याचा बैल केला होता. मयूरीच्या लाकडी बैलाचं शिंग पळापळीत मोडलं होतं, तरी ती ताठ उभी होती. ओवाळायला मात्र एकही पोरगी उरली नव्हती.

"ताट घ्या," बयनाबाईनं टँकरवरून उतरलेल्या चंपतरावांच्या हातात दिलं.

त्यांनी आधी गल्लीकडं एकदा पाहून घेतलं. मग सगळी रांग ओवाळून झाली. बॅट सपनाच्या पाटाला मिळाली. मयूरीनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळी पहिली बॅटिंग आपली, हे तिथंच ठरवून टाकलं.

बयनाबाई टेबलाकडं गेली आणि चूलभांडी उचलून चंपतरावांच्या काखेत दिली.

"घ्या बावा. ओवाळणाऱ्याचं बक्षीस हेच असते न?"