सुरतेत वीस मिनिटं

घरी फोन करायची खरं तर काही गरज नव्हती. भावनगरहून निघालेलं विमान वाटेत सुरतेला वीस मिनिटं टेकणार आणि मुंबईला उडणार, यात सुरतेतल्या डिंडोली वस्तीला कळवण्यासारखं काय होतं? पण पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या माणसाला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. योगेंद्रने छगन किराणावाल्याच्या दुकानात फोन लावला (गल्लीत तेवढा एकच फोन) आणि आईसाठी निरोप ठेवला. छगनने तो निरोप दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात परत म्हणून दाखवला. घात झाला तो इथे.

विमान योगेंद्रला परवडणारं नव्हतं. भावनगरच्या कॉलेजात नुकताच चिकटलेला लेक्चरर तो. पण प्रश्न कविताचा होता. हुंडाविरोधी परिषदेत दोघांनी एकाच सतरंजीवर बसून शपथ घेतली होती, आणि शपथेबरोबर बाकीचंही जमून गेलं होतं. तिचे वडील नाना ठाण्याला असत. वेळ न पाळणारा माणूस त्यांच्या मते माणसातच जमा नव्हता. 'शनिवारी पाच वाजता या, मग बघू,' एवढंच ते म्हणाले होते. शनिवारचे सकाळचे तास उरकून पाचला ठाणं गाठायचं तर दुसरा मार्ग नव्हता. योगेंद्रने जवळजवळ अख्खा पगार तिकिटात घातला. (क्रांतीला खर्च येतोच, अशी त्याने स्वतःची समजूत काढली.)

पंधरा-सोळा माणसांचं ते चिमुकलं विमान सुरतेला उतरलं, तेव्हा कुंपणापाशी आई उभी होती. पुष्पाबाईंच्या हातात टॉवेलात बांधलेला डबा होता. शेजारी वडील, चिंधाआबा, कापडाच्या लूमवरची रात्रपाळी डोळ्यांत घेऊन सायकलला टेकले होते.

तेवढ्यात पायलट उतरला आणि त्याने सांगितलं की इंजिनाचा एक भाग गेलाय, तो मुंबईहून येईपर्यंत थांबावं लागेल. प्रवासी कुरकुरले. पुष्पाबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"बरं झायं इमान बिघडनं," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "कितला वाळी गया रे मना पोऱ्या. बस, खाई ले."

"आई, मला पाचला ठाण्यात पोचायचंय."

"पोचशी रे. हाऊ डबा तुना सासरले. मांडे शेतस. उघाडू नको."

"अजून ते सासर नाही, आई."

"मांडे खाल्ल्यावर होईल," आबा म्हणाले आणि पोराला वांग्याचं भरीत आणायला सायकलवर घरी गेले.

ही दुसरी चूक. आबा गल्लीतून जाताना गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. तासाभरात कापडाचे गठ्ठे वाहणारा एक टेम्पो विमानतळाच्या दारात थांबला आणि त्यातून अर्धी डिंडोली उतरली. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. कुणी मुंबईला निघालं की त्याच्यासोबत कुर्ल्याच्या बहिणीला, कल्याणच्या भाच्याला काहीतरी धाडायचं, हा गल्लीचा रिवाज. आजवर पोरं रेल्वेने गेली. तिथे गर्दीत काय काय नेणार? विमानात ऐसपैस जागा असेल, असा सगळ्यांचा अंदाज.

मालतीबाईंनी कुरडयांचं पोतडं आणलं होतं. छगनने भावासाठी बारडोलीच्या गुळाची ढेप. बाकी साड्यांचे गठ्ठे, पापड, एक पितळी समई.

"एवढं मी कसं नेणार, मालतीकाकू?"

"का रे? गल्लीच्या नळासाठी मोर्चा काढला तेव्हा 'तुमचं ओझं ते माझं ओझं' असं कोण बोललं होतं?"

तोच बोलला होता. टेबलावर उभा राहून.

योगेंद्रने सहप्रवाशांकडे पाहिलं. माणसं कंटाळून बाकांवर पसरली होती. त्याला एकदम उत्साह चढला. तो बाकावर उभा राहिला.

"मित्रहो," तो म्हणाला, "आपण सगळे इथे वाट बघत बसलो आहोत. वाट बघणारा देश कुठे पोचत नाही. प्रत्येकाने या गल्लीचं एक ओझं उचललं तर कुणालाच जड होणार नाही. माणसाने शब्द दिला की तो पाळावा. आणि दहा जणांसाठी एकाला मागे राहावं लागलं, तर त्याने आनंदाने राहावं."

शेवटचं वाक्य त्याला आयत्या वेळी सुचलं होतं. ते त्याला फारच आवडलं.

तेवढ्यात भरीत-भाकरी आली. मग शेव आली, चहा आला. ज्याने कुणाची भाकरी खाल्ली, तो त्याचं गाठोडं नाकारणार कसा? विकास नावाचा बँकेतला एक अबोल कारकून तीन भाकऱ्या खाऊन म्हणाला, "तुमचा डबाही द्या माझ्याकडे. मी ठाण्यालाच राहतो. तुम्ही इतरांकडे बघा." गाठोड्यांवर पत्ते लिहिले गेले, डब्यावर नानांचा, आणि समई सोडून सगळं सामान विमानाच्या पोटात गेलं. योगेंद्रचा ऊर भरून आला. (हे खरं भारतदर्शन, त्याला वाटलं.)

तीन वाजता मुंबईहून आलेला भाग बसला, माणसं चढली आणि इंजिन सुरू झालं. अजूनही पाचला ठाणं गाठता येत होतं. मग एक अधिकारी हातात कागद घेऊन आत आला.

"भाई, वजन वधारे छे. एका माणसाएवढं. एक जण उतरा, नाहीतर सामान उतरवा."

"सामान उतरवा," योगेंद्र घाईने म्हणाला.

विमानातल्या सगळ्यांनी बाहेर पाहिलं. खिडकीबाहेर कुंपणाला चिकटून अर्धी डिंडोली हात हलवत होती.

"आम्ही शब्द दिलाय हो," एक म्हातारे प्रवासी म्हणाले. मांडीवरच्या समईला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"आणि तुम्हीच म्हणालात ना," विकास पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, "दहा जणांसाठी एकाने..."

सगळे योगेंद्रकडे मोठ्या आदराने बघू लागले. इतक्या आदरापुढे माणूस काय करणार? तो उठला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिडी उतरताना अधिकारी त्याला म्हणाला, "तसंही भाकऱ्या खाऊन भावनगरपेक्षा तुमचंच वजन वाढलंय."

विमान उडालं. त्यात कुरडया होत्या, गूळ होता, समई होती, मांडे होते. योगेंद्र टेम्पोत बसून डिंडोलीला आला. नळाचा मोर्चा, सतरंजी, शपथ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जात होतं. नाना घड्याळाकडे बघत असतील. संपलं सगळं.

दिवेलागणीला छगनच्या दुकानात फोन वाजला. कविता होती. योगेंद्रने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला.

"कविता, माझं ऐक. मी निघालो होतो, पण..."

"माहितीय. ते विकासराव आले होते. पाचला पाच मिनिटं असताना. सगळं सांगितलं त्यांनी. भाषणाचंही."

"नाना काय म्हणाले?"

"आधी डबा उघडला. दोन मांडे खाल्ले. मग घड्याळाकडे बघितलं."

"आणि?"

पलीकडे ती हसू आवरत असावी. "म्हणाले, डबा वेळेवर आला. डबा पसंत आहे. मुलाचं पुढे बघू."

रिसीव्हरला कान लावून उभ्या छगनने हे वाक्य नेहमीच्या आवाजात सगळ्या दुकानाला ऐकवलं. मालतीबाई हसता हसता साखरेच्या पोत्यावर बसल्या. योगेंद्रने फोन ठेवला आणि खिन्नपणे दुकानाच्या दाराशी उभ्या आईकडे वळला.

"आई, पुढच्या शनिवारी पुन्हा जातो मी. या वेळी रेल्वेने."

पुष्पाबाईंनी क्षणभर विचार केला.

"तू कसाले जास?" त्या म्हणाल्या. "आखो एक डबाच धाडी दिऊ."