आबा शिरस्तेदारांचा पिंजरा

आबा शिरस्तेदारांच्या ओटीवर पिंजरा होता. पोपटाचा नव्हे, साक्षीदाराचा. सागवानी, कमरेइतका उंच, वरची पट्टी पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामट तळव्यांनी काळी तुळतुळीत झालेली. अलिबागच्या कोर्टात नवं सामान आलं तेव्हा जुनं लिलावात निघालं. लोकांनी कपाटं घेतली, बाकं घेतली. आबांनी पिंजरा घेतला आणि बैलगाडीत घालून घरी आणला. एरवी त्यात त्यांची मांजर झोपायची आणि वरच्या पट्टीवर धोतर वाळायचं. पण कोणी काम घेऊन आलं की आबा धोतर काढत, मांजरीला खाली ठेवत आणि म्हणत, "या. उभे राहा."

काम एकच असे. नोकरीचा अर्ज.

शैला, तू मागच्या पत्रात विचारलंस, "आजी, वकिलांच्या कचेरीत अर्ज करायचाय, स्वतःबद्दल काय लिहू आणि किती लिहू?" नियम सांगायला बसले तर चार ओळींत संपतील. ते ज्यांनी मला शिकवले त्यांच्याबद्दलच लिहिते. तुझ्या भावालाही वाचायला दे.

शिरस्तेदार म्हणजे कोर्टातला वरचा कारकून. आबांची सारी नोकरी त्यातच गेली. कोर्टात जागा निघाली की आलेले अर्ज आधी त्यांच्या मेजावर येत, त्यामुळे कुठला अर्ज कोणत्या ओळीला मरतो हे त्यांना पाठ होतं. त्यांची बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज तपासायचं व्रत घेतलं. नकलनवीस, कारकून, नवे वकील, सगळे त्यांच्या ओटीवर येत. आबा खुर्चीत ताठ बसत, हातात तांबडी पेन्सिल. त्यांचे शब्द दोनच होते. "पुरावा?" आणि "खोडा."

नागावचा दामू वाडीतलं काम सोडून कोर्टात कागदांच्या नकला करणारा नकलनवीस व्हायला निघाला होता, तेव्हा मी भाऊंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काही निरोप घेऊन गेले होते. दामूने अर्जात स्वतःला नम्र, प्रामाणिक आणि मेहनती म्हटलं होतं.

"प्रामाणिक," आबा म्हणाले. "चोरी करायची संधी कधी मिळाली होती?"

"न्हाय हो आबा!"

"मग प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही. खोडा. मेहनती. मेहनत करताना कोणी पाहिलं?"

"आयशीन पायलंय."

"हितसंबंधी साक्षीदार. खोडा."

"आबा, नम्र तरी राहू द्या!"

"नम्र माणूस तसं लिहून देत नाही. खोडा."

अर्जात दामूचं नाव आणि गाव तेवढं उरलं. तो रडकुंडीला आला. मग आबांनी आवाज खाली आणून विचारलं, "वाडीत पाच वर्षं केलंस काय, ते सांग." दामू म्हणाला, काही नाही, वाडीच्या हद्दीची तक्रार होती, वकिलांना जुने कागद हवे होते, घरात मोडी वाचणारं दुसरं कोणी नाही, म्हणून आजोबांपासूनचे सगळे कागद मीच उतरवून दिले. सव्वाशे बंद, म्हणजे कागद, झाले. वकिलांनी एकही परत पाठवला नाही.

आबा खुर्चीतून उठलेच. "हे का नाही लिहिलंस?"

"त्यात काय लिवायचं?"

"गाढवा, तेवढंच लिहायचं!"

दामूचा अर्ज सात ओळींचा झाला. तो पनवेलला लागला.

दुसरा नियम रिकाम्या वर्षांचा. मॅट्रिकपासून आजपर्यंतचं प्रत्येक वर्ष अर्जात दिसलं पाहिजे. "रिकामं वर्ष म्हणजे उघडी खिडकी," आबा म्हणत. "उलटतपासणी तिथूनच आत शिरते." मुरूडकडचा इस्माईल वकिलीची परीक्षा पास होऊन आला. घरची गलबतं होती, आणि मधलं एक वर्ष त्याने अर्जातून वगळलं होतं. त्या वर्षी चुलत्याने त्याला गलबतावरून बसऱ्याच्या बंदरात नेलं होतं. "वाया गेलं ते साल, आबा, खुदा गवाह आहे."

"त्यांच्यावर समन्स बजावता येत नाही," आबा गंभीरपणे म्हणाले. "बसऱ्याला काय केलंस?"

मालाच्या पावत्या, गलबतांवरच्या तांडेलांशी करार, भिजलेल्या खजुरावरून झालेली भांडणं. इस्माईल सांगत गेला आणि आबा लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "मियाँ, दर्यावरचे दावे लढवणाऱ्या वकिलाकडे जा. तुझं हे एकच साल कामाचं आहे, बाकीची सगळी परीक्षेत वाया गेली."

पण आबांची एक गोष्ट गावात कोणालाच आवडत नसे. ते कोणालाही चालचलणुकीचा दाखला देत नसत. अर्जाला असा दाखला जोडावा लागे आणि शिरस्तेदारांच्या सहीला वजन होतं. आबा म्हणत, "मी पाहिलेलं नाही. ऐकीव साक्ष देणार नाही." सख्ख्या पुतण्याला त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं. तो पुन्हा कधी आला नाही.

आता माझी पाळी. मी मॅट्रिक होऊन मुंबईला कॉलेजात दोन वर्षं काढली आणि आईच्या आजारपणात परत आले. आई बरी झाली, पण कॉलेज सुटलं ते सुटलं. दिवाळीनंतर भाऊंनी वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली. मुंबईत कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका सॉलिसिटरांना मराठी आणि मोडी कागदांचं इंग्रजी करणारी बाई हवी होती. त्यांच्या बऱ्याच अशील विधवा बायका होत्या, त्या पुरुषापुढे बोलत नसत. एका प्रतिष्ठित गृहस्थाचा दाखला हवा होता, आणि मुदत महिनाअखेरची होती. भाऊ न्यायी होते. म्हणाले, "या एका अर्जाला जागा मिळाली तर मुंबई. नाही तर पालीचं स्थळ. ते लोक थांबायला तयार नाहीत." पालीच्या स्थळाबद्दल सगळं चांगलंच सांगत होते. घर थेट बल्लाळेश्वराच्या पायाशी आहे, असं आई दिवसातून तीनदा म्हणे. मला मुंबईला जायचं होतं.

आबांनी माझा अर्ज एका सकाळी पुरा केला. आजारपणाचं वर्षही त्यांनी सोडलं नाही. "आईची शुश्रूषा केली, डॉक्टरांच्या सूचना इंग्रजीतून मराठीत आणून घरच्यांना समजावल्या." दाखल्याचं विचारल्यावर मान हलवली.

"बाय, मी तुला लहानपणापासून ओळखतो. काम करताना कुठे पाहिलंय?"

"मग बघा की!"

आबा विचारात पडले. असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजता मी त्यांच्या ओटीवर बसू लागले. ते जुन्या जबान्या आठवून मोडीत लिहीत, मी त्यांचं इंग्रजी करत असे. चुका ते वेगळ्या कागदावर टिपत. पाचव्या दिवशी मी नारळाच्या चोरीची एक लांबलचक जबानी एकही खाडाखोड न करता उतरवली. त्याच दिवशी मांजर पिंजऱ्यात व्याली. चार पिल्लं. आबांनी त्या दिवसाचं काम तिथेच तहकूब केलं आणि पिंजऱ्यात जुनं पागोटं अंथरलं.

मग दहावा दिवस झाला. "पुरावा अजून पुरेसा नाही," आबा म्हणाले. पिल्लांचे डोळे उघडले. "अजून नाही." पिल्लं पिंजऱ्याच्या गजांतून बाहेर पडून माझ्या दौतीपर्यंत येऊ लागली. "उद्या बघू." मधल्या वेळेत आबा कोहाळ्याच्या वड्या आणून ठेवत आणि न्यायाधीशांच्या गोष्टी सांगत. त्यांच्याकडे काम करणारी सावित्री भांडी घासता घासता म्हणे, "अगो, तू गेलीस का हे पिंजऱ्यात कोनाला उभं करतील? मांजरीलाच ना?" मी हसत असे. रात्री झोप मात्र लागत नसे.

महिनाअखेरीला तीन दिवस उरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालाने रेवसहून मुंबईला जाणाऱ्या बोटीवर अर्ज चढला नाही तर मुदत गेली. मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. "आबा, आज प्रश्न मी विचारणार. पिंजऱ्यात चला."

सावित्रीने भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आबा रागावतील. पण पिंजऱ्याचा मान त्यांच्याइतका कोणी ठेवला नसेल. ते उठले, एकेक पिल्लू उचलून बाजूला ठेवलं, आत गेले आणि पट्टीवर दोन्ही हात ठेवले.

"पुरावा पुरेसा झाला आहे का?"

"झाला आहे."

"कधीपासून?"

आबा माझ्याकडे बघत नव्हते. पट्टीकडे बघत म्हणाले, "या प्रश्नाचं उत्तर द्यायला साक्षीदार बांधील नाही." मग घरात गेले आणि लाखेने बंद केलेलं पाकीट घेऊन आले. शाई वाळण्याइतकाही वेळ लागला नाही, हे त्या घाईत माझ्या लक्षात आलं नाही.

अर्ज पोचला. मुलाखतीला बोलावणं आलं. भाऊ मला घेऊन गेले आणि बाहेर बसले. म्हाताऱ्या सॉलिसिटरसाहेबांनी दाखला दोनदा वाचला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यात गुण एकही नव्हता. किती पानं, किती चुका, कोणत्या तासात, बस. मग साहेबांनी तारखेवर बोट ठेवलं. "हा तर कधीच तयार होता. मुदत संपता संपता का पाठवलात?"

मी तारीख पाहिली. मांजर व्याली त्या दिवसाची होती.

ताजी तारीख घालणं काही अवघड नव्हतं. पण खोटी तारीख आबांच्या हातून कागदावर उतरली नसती. मला सबबी पुष्कळ सुचल्या, पण त्या दाखल्यासमोर एकही बोलवेना.

"साक्षीदार एकटे राहतात, साहेब," मी म्हणाले.

साहेबांनी दाखला फायलीत ठेवला. पहिल्या तारखेपासून यायला सांगितलं.

मुंबईहून पहिलं पत्र मी आबांना लिहिलं. आठ दिवसांत कार्ड आलं. "पिल्लं तीन जगली. पत्रावर तारीख नाही. तारीख घालून पुन्हा लिहिणे."

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा कार्ड आलं. शैला, मी किराण्याच्या यादीवरसुद्धा तारीख घालते, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. आबांना मात्र ते असेपर्यंत एकाही पत्रावर घातली नाही.