रत्नागिरीच्या थंडीला कंटाळून

मी पहिल्यापासून सांगत आलोय, प्रवास करावा तर अभ्यास करून! चार लोक चालले म्हणून आपणही बॅग उचलायची, हे आपल्या स्वभावात नाही. यंदा जानेवारीत इजिप्तला जायचं मी ठरवलं, तेही पूर्ण अभ्यासाअंती. अभ्यास म्हणजे एका ट्रॅव्हल कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक. ते मी सतरा वेळा वाचलं होतं.

त्यात लिहिलं होतं, 'हिवाळ्याने गारठलात? बर्फाला कंटाळलात? चला, उबदार उन्हाच्या देशात, हजारो वर्षांच्या इतिहासाच्या कुशीत!'

हा मजकूर कुणीतरी लंडनच्या माणसासाठी लिहिलेला उचलून मराठीत आणला असावा, अशी शंका शहाण्या माणसाला आली असती. मी राहतो रत्नागिरीत. आमच्याकडे जानेवारीत दुपारी पंखा पाचवर असतो. पहाटे तो तीनवर आणला की झाला आमचा हिवाळा! पण परदेशी जायचं तर काहीतरी भारदस्त कारण नको? "काय साळवी, एकदम इजिप्त?" असं कुणी विचारलं की "सहज" म्हणून भागत नाही. मी सांगायला लागलो, "इथली थंडी आता सोसवत नाही हो!"

आणि एकदा सांगितलं म्हणजे ते निभावणं आलं. डिसेंबरातच मी ऑफिसला माकडटोपी घालून जायला लागलो. पहिल्याच दिवशी टोपीखालून घामाच्या धारा लागल्या. समोरच्या टेबलावरच्या नम्रता मॅडमनी ते पाहिलं.

"साळवीकाका, केवढा घाम आलाय तुम्हाला!"

"थंडीचा आहे," मी म्हटलं.

झालं! थंडी वाजून घाम येतो म्हणजे ताप, असा निष्कर्ष निघाला. साहेबांनी मला सक्तीने रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, तेव्हा तर लोक जास्तच घाबरले. चार दिवसांत आळीभर बातमी पसरली की साळवींना डॉक्टरांनाही न सापडणारं काहीतरी झालंय आणि उपचाराला परदेशी नेतायत! माणसं शहाळी घेऊन भेटायला येऊ लागली. एक गृहस्थ तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या."

येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा करून करून माझी बायको मालन वैतागली. "अहो, सांगून टाका ना, फिरायला चाललोय म्हणून!"

"एवढी शहाळी प्यायल्यावर?" मी म्हटलं.

शेजारचे अकबरभाई तेवढे शहाळं घेऊन आले नाहीत. सव्वीस वर्षं कुवेतमध्ये क्रेन चालवून आता निवांत घरी बसलेला हा माणूस. ते आले एक कापडी पिशवी घेऊन.

"साळवीसाहेब, ह्यात आतून घालायचे गरम कपडे आहेत. घेऊन जा. जानेवारीत वाळवंटात हाडं गोठतात हां! आम्ही शेकोटीवर हात शेकून मग क्रेनवर चढायचो."

मी हसलो. आता सांगायला लाज वाटते, पण मी चांगला मोठ्याने हसलो. म्हटलं, "अकबरभाई, तुम्ही होतात कुवेतला. तेही क्रेनवर! एवढ्या उंचावर वारा लागणारच. हा इजिप्त आहे, ऐतिहासिक देश!"

इतिहास असला की थंडी पडत नाही, असं काहीतरी माझं म्हणणं होतं. वर मी त्यांना माहितीपत्रकातला 'उबदार उन्हा'चा परिच्छेद वाचून दाखवला. उमेदीची सगळी वर्षं वाळवंटात घालवलेल्या माणसाला मी कागद वाचून दाखवला! का? तर माझा कागद रंगीत होता आणि ते क्रेन ऑपरेटर होते.

अकबरभाई "बरं" म्हणाले आणि पिशवी घेऊन परत गेले.

माझ्या बॅगेत सहा सुती हाफ शर्ट, गवताची हॅट, उन्हाचं क्रीम आणि ऊन बाधू नये म्हणून कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या होत्या. बाटल्यांना जागा व्हावी म्हणून मालनने ठेवलेली शाल मी बाहेर काढली. मालनने ती मुकाट्याने स्वतःच्या बॅगेत टाकली.

कैरोच्या विमानतळावर पट्ट्यावरून सगळ्यांच्या बॅगा आल्या. माझीही आली. पण तिच्यातून लालभडक थेंब गळत होते! शेजारची एक मडम किंचाळली. दोन पोलीस धावत आले. त्यातल्या एकाने इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

आता आगळाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला इथे बसूनही आठवत नाही, तिथे कुठलं आठवायला? घरचं आहे, एवढं तरी कळावं म्हणून मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "फ्रॉम माय फॅमिली!"

पोलीस दोन पावलं मागे सरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मालनकडे, आणि बहुधा आमच्या घरातली बाकीची माणसं मोजायला लागला. शेवटी मालनने बॅग उघडून बाटलीच्या तळाशी उरलेला घोट सगळ्यांसमोर पिऊन दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली. पण माझे सहाही शर्ट लाल आणि चिंब! अंगावर होता तेवढा हाफ शर्ट शिल्लक राहिला.

दाराबाहेर पाऊल टाकलं आणि काय सांगू! सुरमईच्या तुकड्या पाडणाऱ्या सुरीसारखा वारा! आमचा टूर मॅनेजर अजिंक्य जाकीट, मफलर, हातमोजे अशा थाटात उभा होता.

"काका, स्वेटर घाला."

"छा-छा-छा-छान वाटतंय!" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिरॅमिडला जायचं होतं. मालनने शाल पुढे केली. "घ्या हो, मला स्वेटर आहे. इथे कोण बघायला येतंय?"

"नको. मला उकडतंय," मी म्हटलं. महिनाभर ज्या माणसाने गावात उन्हाची जाहिरात केली, त्याने पहिल्याच सकाळी बायकोची शाल पांघरायची?

पण ती नाश्त्याला खाली गेल्याबरोबर मी हॉटेलचं तपकिरी ब्लँकेट गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलं, डोक्याला टॉवेल बांधला आणि थेट बसमध्ये जाऊन बसलो. सगळे बघायला लागले.

"इथला पारंपरिक पोशाख आहे," मी माहिती दिली.

"काका," अजिंक्य हळूच म्हणाला, "पाठीवर हॉटेलचं नाव आहे."

पिरॅमिडपाशी तर वाऱ्याबरोबर वाळूही येत होती. आमचा ग्रुप अजिंक्यच्या मागून पुढे गेला. मी आडोसा शोधत मागे राहिलो आणि मालन माझ्यासाठी थांबली. तेवढ्यात मला एक बसलेला उंट दिसला. मालक जवळपास नव्हता. मी त्याच्या पोटाला पाठ लावून बसलो. अहाहा! त्या उबदार देशातली पहिली उबदार वस्तू!

डोळे मिटतायत तोच एक गोरं जोडपं समोर आलं. बाईने उंटाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. मी "नो, नो" म्हणत उठेपर्यंत ती चढूनसुद्धा बसली! उंट आधी मागून उठला, मग पुढून. बाई किंचाळली, नवऱ्याने फोटो काढला आणि उंटाची दोरी माझ्या हातात आली. सोडली असती तर बाई पडली असती. म्हणून मी दोरी धरून चालायला लागलो. एक फेरी मारून परत येतो, तर आणखी पाच गोरे रांग लावून उभे!

"अहो, हे काय चाललंय?" मालन ओरडली.

"मला तरी काय माहीत!"

इतक्यात खरा उंटवाला हातात चहाचा ग्लास घेऊन धावत आला. पायापर्यंत लोळणारा जाड लोकरी कोट घातलेला आडदांड माणूस. त्याच्या बाजूने बघा: आपण चहाला काय गेलो, तेवढ्यात कुणी उपरा ब्लँकेट गुंडाळून आपला धंदा घेऊन बसलाय! त्याने जो अरबीचा पट्टा सोडला, त्यातला एकही शब्द मला कळला नाही, पण अर्थ सगळा कळला. त्याने माझं ब्लँकेट धरलं. मी उंटाची दोरी धरली. लांबून एक पोलीस येताना दिसला.

"अकबरभाईंना फोन लावा," मालन म्हणाली.

"मुळीच नाही!"

"मग मी लावते."

व्हिडिओवर अकबरभाई दिसले. अंगात नुसतं बनियन, आणि डोक्यावर पंखा गरगर फिरतोय! मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. मालनने काय झालं ते भराभरा सांगून फोन उंटवाल्यापुढे धरला.

अकबरभाई अरबीत बोलायला लागले. आधी उंटवाला ओरडत होता. मग नुसता बोलू लागला. मग ऐकू लागला. मग माझ्याकडे बघून असा हसला की त्याचा चहा सांडला! पोलीसही हसत निघून गेला. ब्लँकेट सुटलं.

"काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं, माणूस वाईट नाही, फक्त कुणाचं ऐकत नाही. तो म्हणाला, माझा उंटही तसाच आहे."

मालन हसू दाबायला शालीत तोंड घालून उभी राहिली. मी मान खाली घातली. "अकबरभाई, त्या दिवशी मी जे बोललो..."

"जाऊ द्या हो, साळवीसाहेब! जरा पिरॅमिड दाखवा बघू. सव्वीस वर्षं आखातात काढली, पण एवढं बघायचं राहूनच गेलं. दर सुट्टीला घरीच यायचं असायचं."

मी फोन घेऊन वळलो. खरं सांगतो, सकाळपासून मी त्याच्याकडे पाठच करून होतो. मीही तेव्हाच तो पहिल्यांदा धड पाहिला. अकबरभाईंनी फोन अगदी डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "केवढा आहे हो!"

"हो ना," मी म्हटलं. माहितीपत्रकातलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

मागून उंटवाल्याने फोनकडे बघत पुन्हा काहीतरी सांगितलं. अकबरभाई हसायला लागले.

"साळवीसाहेब, तो विचारतोय, उद्यापासून कामाला येता का? तुम्ही खरे उंटवाले वाटता म्हणतो, गिऱ्हाईक आपणहून येतं. जेवण त्याचं आणि असाच एक कोटही देईन म्हणाला."

मी ताबडतोब नकार दिला, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी आधी विचारलं होतं, कोट आजच मिळेल का?