पुतळ्याचा हुंकार

या, असे पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्या मंडळींनीही जरा जवळ यावं. गोष्ट सरकारी आहे, मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. ऐकताना हसाल आणि घरी जाताना थोडे गप्प व्हाल, एवढं वचन देतो.

त्या वर्षी मारेगावपासून मुकुटबनपर्यंत कपाशीची बोंडं बाहेरून हिरवीगार आणि आतून अळीनं पोखरलेली होती. नुकसान पाहायला दिल्लीचं पथक येणार, असा निरोप तालुक्याच्या कचेरीत येऊन थडकला. तालुका कोणता ते विचारू नका, सगळेच सारखे. व्यवस्था नायब तहसीलदार उर्वशी मॅडमकडं आली. गाडी खड्ड्यात अडकली तर? साहेबांना ठसका लागला तर? अशा विवंचनेत असताना त्यांनी पेपरात वाचलं, की कुठल्याशा मोठ्या देशानं माणूस न बसवता एक यान चंद्राभोवती फिरवून आणलं आणि सुखरूप समुद्रात उतरवलं. खुर्चीत माणसाच्या जागी पुतळा बसवला होता. आधी रिकामं धाडायचं, काय बिघडतं ते पाहायचं, मग माणूस.

"आपणही तेच करू," मॅडम म्हणाल्या. "पथक परवा येणार. उद्या त्याच गाड्या, तोच रस्ता. निंबाच्या तांड्याला वळसा घालायचा आणि परत. कुठं थांबायचं नाही. जागोजागी फोटो तेवढे काढा, रेकॉर्डला लागतात."

"अन् पुतळा कुठून आणावा मॅडम?" ड्रायव्हर फुलचंदनं विचारलं.

मॅडमची नजर चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नागोरावावर गेली.

नागोराव कचेरीत रोजंदारीवरचा शिपाई. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव दर वर्षी वर जाई आणि दर वर्षी खाली येई. माणसाला व्यसन एकच, कीर्तनाचं. पंचक्रोशीत कुठं टाळ वाजला की हा पुढच्या रांगेत. नुसता ऐकत नसे, हुंकार देई. बुवांनी ओळ सोडली की नागोरावचं "हो महाराज" ठरलेलं. बुवा मंडळी त्याला मुद्दाम समोर बसवत. हुंकार देणारा नसला की सांगणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं.

"या वेळी तुझा प्रस्ताव मी स्वतः घेऊन जाते," मॅडम म्हणाल्या. "उद्या फक्त नीट बस. उतरायचं नाही, बोलायचं नाही. तू पुतळा आहेस."

"पुतळ्यानं पानी पेलं तं चालते का मॅडम?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीचा हिशेब सांभाळणाऱ्या नाझरसाहेबांचा लग्नातला कोट आणि फुलचंदचा काळा चष्मा चढवून नागोराव पुढच्या गाडीत बसला. मागच्या गाडीत जुन्या फायलींची दोन पोती उभी केली होती. लांबून भरल्यासारखं दिसावं म्हणून त्यांना टोप्या घातल्या होत्या.

"कसं वाटून राह्यलं साहेब?" फुलचंदनं आरशातून विचारलं.

"चूप राय. मी पुतळा हाओ."

"तसाच राय बावा. पुतळ्याले आजलोक कोनी नोकरीवरून काढलं नाई."

ही तालीम आहे, हे गुपित होतं. त्यामुळं तांड्याला निरोप गेला तो एवढाच, की गाड्या येणार. तांड्याचा प्रमुख हिरासिंग नायक यानं अख्खा तांडा रस्त्यावर आणून उभा केला. पुढं त्याची बायको भुरीबाई आरतीचं ताट घेऊन, आणि तिच्यामागं रस्ता अडवून आडवी लावलेली बैलगाडी. फुलचंदनं ब्रेक दाबला.

"थांबू नोको म्हनलं व्हतं मॅडमनं," नागोराव ओठ न हलवता म्हणाला.

"मंग बाईच्या आंगावर घालू का?"

तेवढ्यात दार उघडलं, कपाळावर टिळा लागला आणि दहा हातांनी पुतळा खाली उतरवला. मागच्या गाडीचीही काच कोणी तरी खाली केली आणि पोत्यांनाही कुंकू लागलं.

"ते मांगचे साहेब लई मगरूर हायेत व माय," एक बाई म्हणाली. "मान बी नाई हालवली."

"मोठे असतीन," भुरीबाई म्हणाली.

हिरासिंगनं नागोरावाला थेट कपाशीत नेलं आणि हातात बोंड दिलं. नागोरावानं ते फोडलं. आत गुलाबी अळी पाहुण्यासारखी पसरून बसली होती.

"फवारा मारला साहेब. अळी जाड झाली, आमी बारीक झालो."

फुलचंद फोटो काढत होता. मग म्हातारीकोतारी पुढं झाली. कोणाचं बियाणं बोगस निघालं होतं, कोणाचं पीक रानडुकरांनी लोळवलं होतं, कोणाची सून माहेरी गेली होती, तेही कपाशीच्याच खात्यात घातलं गेलं. नागोराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून ऐकत राहिला. देवळातली मूर्ती बोलत नाही, म्हणूनच माणूस तिला पोटातलं सगळं सांगतो. इथं तेच झालं. दिल्लीचा साहेब मधे बोलत नाही, घड्याळ पाहत नाही, हे पाहून तांड्याला पाझर फुटला.

शेवटी हिरासिंग उभा राहिला. त्याचा आवाज भरदार आणि बोलण्याला ठेका होता. त्या ठेक्यानंच सगळा घात केला.

"पेरलं, तवा पानी नाई."

नागोरावाची मान हलली.

"पानी आलं, तं पेरलेलं वाहून गेलं."

"हो," नागोरावाच्या तोंडून गेलं.

"पुन्यांदा पेरलं. बोंड लागलं. अळीनं खाल्लं."

"हो जी."

"मंग आमच्या तांड्याचं नाव नुकसानीत लागन का नाई?"

"हो महाराज."

भुरीबाईनं डोळ्याला पदर लावला. दिल्लीनं शब्द दिला होता आणि वर तिच्या नवऱ्याला महाराज म्हटलं होतं.

"तुह्या प्रस्तावाची झाली राख," परतताना फुलचंद म्हणाला.

"मी काय करू गड्या. मले वाटलं, कीर्तनातला उत्तररंग सुरू हाय."

कचेरीत दोघांनी "सुखरूप पोचलो" एवढंच सांगितलं आणि मॅडम निर्धास्त झाल्या.

तिसऱ्या दिवशी खरं पथक निघालं. नागोराव आपल्या खाकी कपड्यांत, मागच्या जीपमध्ये पाण्याच्या बाटल्यांमागं डोकं लपवून बसला होता. तांड्याचा रस्ता मोकळा. सांगायचं ते काल सांगून झालं म्हणून लोक मजुरीला गेले होते; फाट्यावर एकटा हिरासिंग उभा होता. त्यानं हात केला. पुढच्या गाडीची काच दोन बोटं खाली आली आणि आतली थंड हवा बाहेर पडली.

"साहेब, उतरता का? वावर हे काय, रस्त्याले लागूनच हाय."

"क्या बोल रहा है?" आतून आवाज आला. विश्रामगृहावर जेवण खोळंबलं होतं.

"पाचच मिन्टं साहेब."

काच एक बोट वर गेली. हिरासिंग त्या काचेकडं बघत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "राहू द्या. काल समदं पाहून झालं."

"सब देख लिया, बोल रहा है," फुलचंदनं हिंदी केलं.

"अच्छा. तो चलो फिर."

गाड्यांनी तांड्याला वळसा घातला आणि परत गेल्या. बघा मंडळी, पुतळा धाडला तर त्यात माणूस निघाला, आणि माणसं धाडली तर गाड्या रिकाम्या येऊन रिकाम्या गेल्या.

आठ दिवसांनी दिल्लीहून मागणी आली, शेतात उतरून पाहणी केल्याचे फोटो पाठवा. फोटो होते ते तालमीचेच; ते पाहिले तेव्हा कुठं पुतळा खाली उतरल्याचं मॅडमना कळलं. मॅडमनी देवाचं नाव घेतलं आणि काळ्या चष्म्यातला, हातात बोंड घेतलेला साहेब पाठवून दिला. फोटोत आपण बरेच बारीक दिसतो, हे पाहून पथकप्रमुख खूश झाले आणि त्यांनी अहवालावर सही केली. निंबाचा तांडा नुकसानीच्या यादीत लागला.

मॅडमनी नागोरावाला बोलावलं. "तुझ्या प्रस्तावाला फोटो लावावा लागतो. आणि हा चेहरा दिल्लीत पथकप्रमुख म्हणून बसलाय. तोच शिपाई म्हणून पाठवला, तर मीही जाईन आणि तांड्याला मिळालेलंही जाईल. तू सांग, पाठवू?"

नागोराव बराच वेळ ट्रे पुसत राहिला.

"राहू द्या मंग मॅडम," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात हिरासिंग लापशीचा डबा घेऊन कचेरीत आला. दारातच नागोराव समोर, हातात चहाचे कप. लपायला जागा नव्हती.

"नायक, मी साहेब नवतो," नागोराव खाली मान घालून म्हणाला.

"मालूम हाय."

"कवापासून?"

"तुमी आयकून राह्यलते ना, तवापासून. साहेब असते तं आयकलं असतं का?"

"मंग तांड्यात सांगतलं काहून नाई?"

"कायले सांगू? लोकं त्या दिवशी पोटभर बोलले, घरी जाऊन पोटभर जेवले. त्याईचा साहेब मी कायले काढून घेऊ?" असं म्हणून हिरासिंगनं त्याच्या हातातला ट्रे खाली ठेवला आणि डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला. "खा. भुरीनं तूप जास्तीचं घातलं हाय."

तर मंडळी, आज देवापुढं हात जोडाल, लेकराबाळांसाठी मागाल, तेव्हा एक नाव नागोरावचंही घ्या. तो अजून रोजंदारीवरच आहे.