पानाच्या पोटातले शब्द

मंगळवारी सकाळी गौतमभाऊ दुकानात, बसल्या जागी वारले. समोरचा कम्प्युटर चालू होता.

मुखेडच्या एसटी स्टँडमागे त्यांचं वेबसाइट बनवायचं दुकान होतं; शेजारी माझं वाचनालय. भाऊ माणसाची ओळखसुद्धा स्वल्पविराम देत करून देत. गिऱ्हाइकाला सांगत, "हे आमचे सर. वाचनालय, चष्मा, बिनसाखरेचा चहा, बोलणं कमी."

ही सवय मेटा कीवर्डची. वेबसाइटच्या पानामागे, वाचणाऱ्याला न दिसणारी एक ओळ असते. हे पान कोणत्या शब्दांवर सापडावं, ते शब्द तिथं लिहायचे. भाऊ तिला 'पानाचं पोट' म्हणत आणि ते ठासून भरत. मंगल कार्यालयाच्या पोटात लगीन, शादी, मंडप, आचारी एवढं झाल्यावर त्यांनी 'मामा रुसला' हेही घातलं.

"हे कोण शोधणार, भाऊ?"

"सर, माणूस शहाण्यावानी शोधत न्हाई. घाबरल्यावर शोधतंय."

हे कानावर गेल्यावर कार्यालयाचा मालक भांडायला आला. "माझी बदनामी करून राहिलास का?"

"दिसतंय का कुणाला? मग कशाची बदनामी! बसा, चहा घ्या."

एका माणसाबद्दल मात्र ते बोलत नसत. त्यांचा धाकटा भाऊ, अशोक. शेतावरून दोघांचं वाजलं. "पुन्हा तोंड दाखवू नको," असं भाऊच म्हणाले होते. अशोक लातूरच्या गाडीत बसला, तो आलाच नाही. हे मला त्यांच्या आईंनी सांगितलं.

पुण्याला कम्प्युटरचंच काम करणारी माझी मुलगी दिवाळीत आली होती. ती भाऊंना म्हणाली, "काका, सर्च इंजिन ही ओळ आता बघतच नाही. कितीतरी वर्षं झाली."

"अजिबात न्हाई?"

"जवळजवळ नाहीच."

भाऊंनी चहाचा कप बाजूला सारला. मग "हाव का," म्हणाले आणि पुन्हा टाइप करू लागले. मी हसलो होतो. आता ते हसणं आठवतं.

भाऊ गेल्यावरच्या जलदानविधीला मुलगी पुन्हा आली. भाऊंच्या आईंना विचारून तिनं भाऊंनी केलेली पानं उघडली. बियाण्यांचं दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय. प्रत्येकाच्या पोटात, अगदी शेवटी, तेच शब्द होते: अशोक, मुखेड, दादा, राग गेला, शेत तुझं बी हाय, आई वाट बघती, ये.

दिवाळीनंतर केलेल्या पानांतही होते.

मुलीनं ते शब्द भाऊंनीच करून दिलेल्या माझ्या वाचनालयाच्या पानावर, वरच, सगळ्यांना दिसतील असे घातले. आई शेजारी बसून बघत होत्या.

"आता वाचतील का गं?"

"आता वाचतील, आजी."

"मग त्याचं नाव जरा मोठं कर."

तिनं मोठं केलं. खाली माझा फोन नंबर दिला.

दुकानाला कुलूप आहे. पान चालू आहे. अनोळखी नंबर आला तरी मी आता फोन उचलतो.